झडीत मागची काच मोकळी ठेवायची तर कामाचा क्रम पाळा

दर जूनमध्ये हेच होतं. पहिला पाऊस पडला की माणूस तालुक्याच्या दुकानातून काचेवर लावायच्या कोटिंगची बाटली आणतो. गाडीच्या धुळीनं माखलेल्या मागच्या काचेवर ते फडक्यानं फासतो आणि आठ दिवसांत म्हणतो, "काही फायदा नाही, पैसे पाण्यात गेले." कोटिंग बहुतेक वेळा बरं असतं. शेवटी करायचं काम आधी केलेलं असतं आणि त्याआधीची चार कामं झालेलीच नसतात.

दुसरी चूक म्हणजे पुढच्या काचेचा नियम मागच्या काचेला लावणं. पुढच्या काचेवर वारा समोरून आदळतो आणि पाणी ढकलून देतो. उभ्या पाठीच्या गाडीमागे, म्हणजे बोलेरो, ईको किंवा बहुतेक छोट्या हॅचबॅकमागे, चालत्या गाडीच्या वेगानं हवेचा दाब कमी होतो. तिथली हवा भोवऱ्यासारखी फिरून परत काचेकडे येते आणि चाकांनी उडवलेलं गढूळ पाणी सोबत आणते. मे महिन्यात पांदणीतून आल्यावर पुढच्यापेक्षा मागच्या काचेवर जास्त धूळ बसलेली दिसते, तीही याच कारणानं. उभ्या मागच्या काचेला आभाळातल्या पाण्यापेक्षा खालून उडणारा गारा, म्हणजे चिखल, जास्त त्रास देतो. म्हणून सुरुवात काचेपासून नाही, चाकापासून करायची.

हे सगळं काम एका सकाळचं आहे. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकून घ्या. एकदा पेरणीची घाई सुरू झाली की गाडीकडे पाहायला कोणालाच वेळ नसतो.

## टप्पा 1: काचेवर नेमकं काय आहे ते ओळखा

काच धूसर दिसली की सगळे "पाणी आलं" म्हणतात. पण धूसरपणा चार प्रकारचा असतो आणि चौघांचे उपाय वेगळे.

आतून बोट फिरवा. बोटाची रेघ उमटली तर ती वाफ आहे, बाहेर कितीही पुसलं तरी जाणार नाही. थेट टप्पा 7 वाचा. बाहेरून बोट फिरवल्यावर बोटाला माती लागली तर तो उडालेला गारा. माती नाही, पण रात्री मागच्या गाडीचे दिवे काचेवर फाकून पसरतात, तर तेलकट थर: डिझेलचा धूर, हवेतली काजळी, नाहीतर चुकीच्या फडक्यानं पुसलेलं काहीतरी. आणि काच सुकल्यावर पांढरे गोल ठिपके राहत असतील, तर ते पाण्यातले क्षार.

पांढऱ्या ठिपक्यांची गोष्ट अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना वेगळी सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरच्या पाण्यानं गाडी धुऊन उन्हात सोडली की काचेवर थेंबाथेंबाचा शिक्का उमटतो. चंद्रपूर, वणी, घुग्घुसकडे कोळशाची भुकटी आणि राख काचेवर बसते, ती तेलकट थरात मिसळली की साध्या पाण्यानं निघत नाही. आपल्या गावात काय चिकटतं, ते आधी ठरवा.

## टप्पा 2: सामान जमवा आणि वेळ निवडा

लागणारं सामान फार नाही:

- दोन बादल्या आणि एक मग
- कार शॅम्पू
- स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, किमान चार
- पांढरं व्हिनेगर
- मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल
- आरओचं एक कॅन पाणी, नाहीतर पत्र्यावरून धरलेलं स्वच्छ पावसाचं पाणी
- लागलं तर काचेचं पॉलिश
- कोटिंग, तेही टप्पा 5 वाचल्यावरच विकत घ्या

वेळ सकाळची, गाडी सावलीत, काच हाताला गार. विदर्भात मेअखेर पारा 45 अंशांवर असतो. दुपारच्या तापलेल्या काचेवर शॅम्पू, व्हिनेगर, कोटिंग, काहीही लावलं तरी पुसायच्या आत वाळून डाग बनतं. दुपारी सवड मिळाली म्हणून दुपारीच हात घालू नका.

सावध: फवारणीचा पंप गाडी धुवायला वापरू नका. दाब चांगला मिळतो म्हणून बरेच जण वापरतात. पण कीटकनाशकाचा अंश टाकीत आणि नळीत राहतोच. त्यातलं तेलकट द्रव्य काचेवर थर धरतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते तुमच्या हाताला, तोंडाला लागतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. पंप हवाच असेल तर कधीही औषध न भरलेला, वेगळा, खूण केलेला पंप ठेवा.

## टप्पा 3: गारा काचेपर्यंत येऊच देऊ नका

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं.

मागच्या दोन्ही चाकांमागे मडफ्लॅप आहेत का पाहा. नसतील तर बसवा, फाटले असतील तर बदला. फ्लॅप टायरच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त रुंद हवा. अरुंद फ्लॅपच्या बाजूनं गारा उडतोच. रबर जाड आणि जरा ताठ हवं. पातळ फ्लॅप वेगात मागे उलटतो आणि नसल्यासारखाच होतो. जमिनीला घासेल इतका लांबही नको, नाहीतर नाल्यातून किंवा धुऱ्यावरून जाताना तुटतो, किंवा रिव्हर्स घेताना टायरखाली अडकतो.

मग चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालून वाळलेली माती काढा. काळी माती तिथं थापीसारखी बसते, ओली झाली की सुटते आणि टायर ती मागे भिरकावतो.

पावसाळ्यात पांदणीतून डांबरी रस्त्यावर चढण्याआधी थांबा. काडीनं किंवा खुरपीनं टायरच्या खाचांतली माती खरवडून रस्त्याच्या कडेला, मातीतच टाका. पहिला अर्धा किलोमीटर हळू चालवा. एकदम वेग घेतला की सगळा गारा काचेवर येतो. शिवाय डांबरावर पडलेल्या काळ्या मातीवरून मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. दर पावसाळ्यात आपण ते पाहतोच. एवढ्यासाठी दोन मिनिटं थांबावं.

उभ्या पाठीच्या गाडीच्या टपाच्या मागच्या काठावर हवा खाली वळवणारी पट्टी बसवता येते. वरून येणारी हवा ती काचेवरून खाली सोडते, त्यामुळे बारीक तुषार कमी बसतात. मात्र पट्टी आणि टप यांच्यामध्ये हवेला वाट हवी. टपाला चिकटलेला, नुसता शोभेचा स्पॉयलर हे काम करत नाही.

तपासणी: ओल्या रस्त्यावर दहा किलोमीटर जाऊन या. काचेच्या खालच्या भागातच गारा असेल तर फ्लॅप कमी पडतोय. सगळ्या काचेवर सारखा बारीक थर असेल तर तो भोवऱ्यानं आलेला आहे, त्याला पट्टी आणि पुढची सफाई.

## टप्पा 4: बाहेरची काच पूर्ण उघडी करा

"पूर्ण उघडी" म्हणजे काचेवर काचेशिवाय काहीच उरलेलं नाही. क्रम असा.

4.1 भिजवा. कोरड्या मातीवर फडकं फिरवू नका. काळ्या मातीत रेतीचे कण असतात आणि ते काचेवर बारीक चरे पाडतात. हे चरे रात्री दिव्यात दिसतात आणि कायमचे राहतात. ओलं कापड काचेवर चिकटवून दहा मिनिटं ठेवा, मग मगानं वरून पाणी सोडा. माती आपोआप खाली उतरली पाहिजे.

4.2 शॅम्पू. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. कापड शॅम्पूत बुडवा, वरून खाली एकदा फिरवा, साध्या पाण्यात पिळा, पुन्हा शॅम्पू. एकच बादली घेतली तर काढलेली रेतीच परत काचेवर जाते. कपडे धुवायची पावडर नको. ती रबर कोरडं करते आणि स्वतःचा थर सोडते. चुलीची राखही नको. ती भांड्यांना ठीक आहे, काचेला चरे पाडते.

4.3 क्षाराचे ठिपके. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, त्यात भिजवलेलं कापड ठिपक्यांवर पाच ते दहा मिनिटं. मग हलकं चोळा आणि भरपूर पाण्यानं धुवा. रंगावर आणि रबरावर ओघळू देऊ नका. ओघळलंच तर लगेच धुवा. जुने, खोल गेलेले ठिपके एका वेळी जात नाहीत. दोनदा करूनही राहिले तर काचेचं पॉलिश लावा, पण फक्त बाहेरून.

4.4 शेवटचं पाणी. खारपाणपट्ट्यात शेवटचं धुणं आरओच्या पाण्यानंच. बोअरच्या पाण्यानं शेवट केला तर 4.3 चं सगळं काम वाया गेलं. मग कोरड्या कापडानं लगेच पुसा, उन्हात वाळायला सोडू नका.

4.5 अल्कोहोल. स्वच्छ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पूर्ण काच पुसा, कापड बदलून पुन्हा पुसा. हात धुवायचा सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीनसारखी द्रव्यं असतात आणि तीच काचेवर थर धरतात. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळ विडी-सिगारेट किंवा चूल नको.

तपासणी: काचेच्या वरच्या काठावरून एक मग पाणी सोडा. पाणी अखंड चादरीसारखं उतरलं तर काच उघडी झाली. मध्येच फाटून बेटं तयार झाली, तर तिथं तेलकट थर आहे. 4.2 पासून पुन्हा. आणखी एक सोपी परीक्षा: हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून कोरड्या काचेवरून बोटं फिरवा. नुसत्या बोटाला न कळणारा खरखरीतपणा पिशवीतून कळतो.

इथपर्यंत नीट झालं, तर कोटिंग न लावताही काचेतून कालच्यापेक्षा बरंच स्वच्छ दिसेल. काहींना पुढचा टप्पा लागतच नाही.

## टप्पा 5: कोटिंग लावायचं की नाही, ते गाडीच्या पाठीवर ठरवा

कोटिंगमुळे पाणी पसरत नाही, मण्यांसारखं गोळा होतं. पण गोळा झालेला मणी कोणीतरी ढकलावा लागतो. मोठ्या थेंबाला त्याचं वजन ढकलतं, छोट्याला वारा. मागे वारा मिळतो का, यावर सगळं अवलंबून.

*वेगळ्या डिकीची, तिरक्या मागच्या काचेची गाडी.* इथं वारा काचेवरून वाहतो. कोटिंग लावा, फरक दिसेल.

*उभी काच, मागे वायपर आहे.* मी लावत नाही. कोटिंगवर काही वायपर अडखळत, किरकिर करत फिरतात आणि मधे पट्टे सोडतात. उघडी काच आणि चांगलं रबर पुरेसं आहे.

*उभी काच, वायपर नाही.* इथं खरं काय होतं ते सांगतो. धो-धो पावसात मोठे थेंब सरकून जातात, चांगलं दिसतं. पण झड लागली, दिवसभर बारीक बारीक पाऊस, तर छोटे मणी तिथंच बसून राहतात. एका झडीत संध्याकाळी घरी येऊन अंगणात रिव्हर्स घेत होतो. कोटिंग लावलेल्या काचेवर मण्यांची जाळी होती आणि मागे गोठ्यातून सुटलेलं वासरू उभं होतं, ते दिसलंच नाही. घरातून आरोळी आली म्हणून थांबलो. तेव्हापासून अशा काचेला कोटिंग लावतो ते एकाच कारणासाठी: गारा बाटलीभर पाण्यात निघून जातो. झडीत त्याच्यावर विसंबून रिव्हर्स घेत नाही.

लावायचं ठरलं तर: काच कोरडी, गार, 4.5 झालेली. कापडावर थोडं द्रव घेऊन एकमेकांवर येणाऱ्या छोट्या गोलांत पसरवा. काठ सोडू नका, पाणी काठावरूनच आत शिरतं. बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा, पांढुरकी झाक आली की कोरड्या कापडानं पुसा. दुसरा हात द्या. त्यानंतर काही तास काच ओली होऊ देऊ नका, म्हणून आभाळ भरून आलेल्या दिवशी हे काम काढू नका. आतल्या बाजूला कधीही लावू नका.

सावध: काळी फिल्म असेल तर तीही तपासा. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे. गडद फिल्म आणि वर पावसाचे थेंब असले की संध्याकाळनंतर मागचं काहीच दिसत नाही. काचेवर मोठ्या अक्षरांतली नावं, चित्रं असतील तर त्यांच्या कडांना माती धरते. देवाचं नाव लावायचंच असेल तर काचेच्या वरच्या कोपऱ्यात छोटं लावा. श्रद्धा तेवढीच राहते आणि मागचं दिसतं.

## टप्पा 6: मागचा वायपर

वर्षातले आठ महिने हा वायपर उन्हात उभा असतो. रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात काच पुसण्याऐवजी पाणी नुसतं पसरवतं. उन्हाळ्यानंतर, पावसाआधी पट्टी बदला. महाग वस्तू नाही. जुनी पट्टी सोबत नेऊन लांबी आणि अडकवायचा खटका जुळवून घ्या. मागच्या पट्टीचा खटका पुढच्यापेक्षा बहुधा वेगळा असतो.

बिघाड ओळखायचा असा:

- बारीक रेघा राहतात: रबराच्या काठावर कण किंवा चीर. ओल्या कापडानं काठ पुसा, तरी राहिल्या तर बदला.
- उड्या मारत फिरतो: काचेवर तेलकट थर, नाहीतर रबर कडक.
- मधला पट्टा पुसलाच जात नाही: दांडीची स्प्रिंग सैल किंवा दांडी वाकलेली. पट्टी बदलून जाणार नाही.

फवाऱ्याचं छिद्र मातीनं बुजलेलं असतं. बारीक टाचणीनं मोकळं करा. बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या दोन्ही फवाऱ्यांची टाकी एकच असते. टाकी भरलेली, पुढे पाणी येतं, पण मागे येत नाही, तर टपाच्या अस्तरामागून जाणारी नळी कुठंतरी सुटलेली असते. हे लवकर पाहा, कारण ते पाणी गाडीच्या आत झिरपतं. टाकीत आरओचं किंवा पावसाचं पाणी भरा.

सावध: वाळलेल्या गाऱ्यावर वायपर चालवू नका. आधी फवारा, मग वायपर. आणि मूळ वायपर नसलेल्या गाडीत बसवून घ्यायचा असेल तर काचेला भोक पाडू देऊ नका. मागची काच कडक केलेली असते. ड्रिल लागताच तिचा चुरा होतो.

## टप्पा 7: आतली बाजू

आतली वाफ म्हणजे गाडीतली ओल. ओले रेनकोट, छत्र्या, भिजलेली पायपुसणी, मागे टाकलेलं ओलं पोतं, सगळं श्वासासोबत काचेवर जमतं. उतरताना ओलं सामान काढा. पायपुसणी रात्री बाहेर वाळवा. डिकीच्या दाराचं रबर फाटलं असेल तर खालचा गालिचा कायम ओला राहतो. हात घालून पाहा.

चालू गाडीत एसी सुरू करा आणि हवा बाहेरची घ्या, आतलीच फिरवू नका. एसी नसेल तर दोन विरुद्ध बाजूंच्या काचा बोटभर खाली.

मागच्या काचेवर आडव्या तांबूस रेघा असतील तर तो डिफॉगर, म्हणजे विजेवर काच तापवून वाफ घालवणाऱ्या रेघा. पावसाळी सकाळी निघताना इंजिन सुरू झाल्यावर लावा. रेघांच्या पट्ट्यांतून वाफ विरळ होत जायला हवी. एखाद्या रेघेपाशी वाफ तशीच राहिली तर ती रेघ तुटलेली आहे. तिच्यासाठी वीज वाहणारा खास रंग मिळतो. आतून पुसताना कापड रेघांच्या दिशेनं, आडवं फिरवा. ब्लेड, घासणी, पॉलिश तिथं चालत नाही. सर्वांत जास्त रेघा तुटतात त्या काचेला टेकवून ठेवलेल्या बियाण्याच्या पिशव्यांनी आणि फवारणीच्या पंपांनी. सामान काचेपासून वीतभर लांब ठेवा.

## टप्पा 8: वाटेत काच भरली तर

काचेवर तंबाखू चोळायची, बटाट्याची फोड फिरवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. थोडा वेळ पाणी पसरून उतरतं, हे खरं. पण मागे जो थर राहतो, त्यावर रात्री समोरचे-मागचे दिवे फाकतात. अडल्या वेळी केलं तर घरी येऊन धुवा. रॉकेल किंवा डिझेलचं फडकं मात्र अडल्या वेळीही नको. तो थर साध्या पाण्यानं जात नाही आणि रबर फुगतं.

गाडीत दोन बाटल्या पाणी, एक हाताचा छोटा रबरी वायपर आणि एक जुनं, धुतलेलं मायक्रोफायबर कापड कायम ठेवा. थांबायला सुरक्षित जागा पाहून, रस्त्याच्या पूर्ण बाजूला घेऊन थांबा. आधी वरून पाणी, मग रबरी वायपर वरून खाली. कापड शेवटी, फक्त काठाला. आरशांची काचही त्याच हातानं पुसा. रिव्हर्स कॅमेरा असेल तर त्याच्या भिंगावरही तोच गारा बसलेला असतो, ते बोटानं नाही, ओल्या कापडानं.

आणि वावरात, अंगणात किंवा गोठ्यापाशी रिव्हर्स घ्यायच्या आधी खाली उतरा, गाडीच्या मागे जाऊन पाहा. सोबत कोणी असेल तर त्याला गाडीच्या थेट मागे उभं करू नका. बाजूला, तुमच्या आरशात दिसेल अशा ठिकाणी उभं राहायला सांगा. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबवायची.

## पुढचे चार महिने

दर आठवड्याला 4.1 आणि 4.2, फ्लॅपमागची माती, आणि वायपरच्या रबराचा काठ. महिन्यातून एकदा मगाच्या पाण्याची तपासणी. कोटिंग लावलं असेल तर थेंब मण्यांसारखे राहायचे थांबले की पुन्हा लावायची वेळ आली, तारीख पाहायची गरज नाही. पोळ्याच्या सुमारास एकदा अल्कोहोलनं पूर्ण काच पुसून घ्या, परतीच्या पावसाला पुरतं.